बालसाहित्यिक शाळेत कोणासाठी?

(प्राथमिक शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर शिक्षकांच्या रिक्त पदांचा प्रश्न आहे, कमी पटाच्या शाळांचा प्रश्न आहे, शिक्षकांवर लादल्या जाणाऱ्या अशैक्षणिक कामांचा प्रश्न आहे. अशा प्रश्नांच्या रांगेत ‘प्राथमिक शाळेत बालसाहित्यिकाला कसे बोलवावे’ हा विषय काही मित्रांना हौसेचा वाटेल. लढ्याच्या कामातून सवड मिळाली तर करावयाची ही गोष्ट, असेही कोणी म्हणेल. मला मात्र हा विषय त्या रांगेतलाच वाटतो. आपली शाळा कोणत्या मुलाला वाचक मानते आणि कोणाला केवळ हजेरीपटावरचा आकडा मानते, याची परीक्षा अशा एका दिवसात होत असते. ती कशी होते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्याकडील नेहमीची पद्धत पाहू. एखाद्या जिल्हा परिषद शाळेत लेखक येणार म्हटले की मांडव पडतो, खुर्च्या येतात, निमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली यावरून गावात रुसवेफुगवे होतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगते हे सारे होईपर्यंत उन्हात मांडी घालून बसलेली पहिली-दुसरीची मुले पेंगू लागतात. शेवटी लेखक उठतो. त्याच्या वाट्याला वीस मिनिटे आलेली असतात. समोरच्या मुलांनी त्याचे एकही पुस्तक पाहिलेले नसते, त्यामुळे त्याला उपदेशाखेरीज दुसरे काही बोलता येत नाही. मग आभारप्रदर्शन आणि अहवालासाठी छायाचित्र. या साऱ्या समारंभात मुलांचे काम एकच, टाळ्या वाजवण्याचे. ज्यांच्यासाठी तो माणूस लिहितो त्यांच्याखेरीज सर्वांशी त्याची भेट होते.

ही पद्धत दुष्ट हेतूने पडलेली नाही. पाहुण्याचा मान राखावा ही आपल्या गावांची चांगली रीत आहे. परंतु मानाची ही कल्पना राजकीय सभेवरून उचललेली आहे आणि सभेत श्रोता हा गर्दीचा भाग असतो. वाचनात गर्दी नसते. तेथे एक मूल असते आणि एक पुस्तक असते.

छापील मजकूर म्हणजे हुकूम

मित्रहो, ज्या घरांतून आपल्या शाळांची मुले येतात, त्या घरांत छापलेला कागद कोणता असतो? भिंतीवर दिनदर्शिका, पत्र्याच्या पेटीत शिधापत्रिका, विजेचे देयक, पतपेढीची नोटीस, क्वचित कोर्टाचे समन्स. हा कागद वाचता आला नाही तर नुकसान होते आणि वाचता आला तरी त्याच्याशी वाद घालता येत नाही. अशा घरातील मुलाला अगदी लहानपणी एक गोष्ट कळते, ती ही की छापलेले सारे वरून येते. शाळेत गेल्यावर पाठ्यपुस्तकही त्याला तसेच भासते. धडा पाठ करावयाचा असतो, त्याच्याशी बोलावयाचे नसते.

गोष्टीचे पुस्तक हा त्या मुलाच्या आयुष्यातील हुकूम न देणारा पहिला छापील कागद होय. ते आवडले नाही तर मिटून ठेवता येते, शेवट पटला नाही तर ‘हे असे कसे?’ असे विचारता येते. ते पुस्तक लिहिणारा माणूस प्रत्यक्ष समोर बसतो, खोडाखोड केलेला आपला कच्चा खर्डा दाखवतो, ‘हे वाक्य मी पाच वेळा बदलले’ असे सांगतो, तेव्हा मुलाच्या मनातील छापील अक्षराची भीती उतरू लागते. जे माणसाने लिहिले ते माणसाला बदलता येते, आणि मलाही लिहिता येते, हे त्याला उमगते. पुढे हेच मूल मजुरीच्या हिशोबाच्या कागदावर डोळे मिटून अंगठा उठवणार नाही. लेखकाच्या भेटीचे मोल मी या हिशोबाने करतो. लेखकाचा सत्कार ही त्यामानाने फार किरकोळ गोष्ट आहे.

वारसा काय सांगतो

या विचाराला आपल्याकडे जुना आधार आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी रयतेच्या श्रमातून गोळा झालेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार निःसंदिग्धपणे मांडली आणि प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक सुरू केले होते. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ आला. मराठीतील बालवाङ्‌मयाची परंपरा अशी जुनी आणि अभिमानास्पद आहे. परंतु वर्गणी भरू शकणारे घर हाच तिचा स्वाभाविक वाचक होता. फुल्यांनी ज्या मुलांची बाजू मांडली त्यांच्या हाती हे मासिक सहसा पडत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या, पण त्यांची गाठ पडली नाही. ती गाठ घालणे हे पुढच्यांचे काम होते.

काहींनी ते केले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील वसतिगृहात ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. छापखाना नाही, व्यासपीठ नाही. लेखक आणि वाचक एकाच छपराखाली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली, तिच्यामागे ही मुलांशी रोज बोलण्याची सवय होती. गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी उभी केलेली कथामाला हीच वाट चालत राहिली. गोष्ट सांगणारा शाळेत जाई आणि मुलांत बसून सांगे.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडकांचे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गुरे वळणारी वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या बायांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. मुलाच्या श्रमाचे वेळापत्रक आधी पाहावे आणि शाळेचे त्यावरून ठरवावे, हा धडा त्यांनी घालून दिला. त्याकडे मी थोड्याच वेळात पुन्हा येणार आहे.

कुलूपबंद कपाट

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत, असे लिहिले आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतही शाळांना पुस्तके देण्याची तरतूद होती. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. म्हणजे पुस्तके मुळीच नाहीत अशी स्थिती सर्वत्र नाही. बहुतेक ठिकाणी ती आहेत आणि कुलपात आहेत.

कुलपात का आहेत? याचे कारण शिक्षकांना ठाऊक आहे. पुस्तक नोंदवहीत चढले की ते मुख्याध्यापकाच्या जबाबदारीवर असते. हरवले तर तपासणीत विचारणा होते, फाटले तर शेरा येतो. पुस्तक न दिल्याबद्दल मात्र कोणी शेरा मारीत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार. त्याला दोष देऊन काही साधत नाही. वाचून वाचून फाटलेले पुस्तक हा गुन्ह्याचा पुरावा नसून वापराचा पुरावा आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून नोंदवावे आणि अशा पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करून घ्यावे. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. आपले किती कार्यकर्ते पालक म्हणून तिच्या बैठकांना जातात, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे.

लेखकाच्या भेटीची खरी तयारी या कुलपापासून सुरू होते. पाहुणा येण्यापूर्वी निदान तीन आठवडे त्याची पुस्तके वर्गात फिरली पाहिजेत. एका शीर्षकाच्या दोन-तीन प्रती पुरेत. सरासरी शंभर रुपये किंमत धरली तर पाच हजारांत पन्नास पुस्तके येतात. त्यात त्या लेखकाची दहा आणि इतरांची चाळीस घ्यावीत. शिक्षकाने रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे, मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवावे, घरी न्यावे, आजीला ऐकवावे. लेखकाचे नाव मुलांना पाठ नसले तरी चालेल. त्याच्या गोष्टीतला कुत्रा किंवा भांडखोर मावशी त्यांच्या ओळखीची झाली पाहिजे. पाहुणा आला की मुले मग त्या मावशीचीच चौकशी करतात आणि तेथून खरे बोलणे सुरू होते.

तारीख कोणाच्या सोयीची?

मित्रहो, आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. लेखकाला केव्हा बोलवावयाचे? आपल्याकडे त्याचे दिवस ठरून गेले आहेत. १५ ऑक्टोबर हा २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने होतात, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिन येतो. हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात, पाहुण्यांची सोय होते.

आता याच दिनदर्शिकेवर दुसरी दिनदर्शिका ठेवून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, पाथर्डीकडची ऊसतोड कामगारांची टोळी मुकादमाची उचल फेडण्यासाठी घर सोडते. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि त्यांच्यामागे मुले. कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात. हंगाम संपून ही माणसे गावी परततात तो मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. पालघर, ठाणे, रायगडकडील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांनी काही मुले राखली हे खरे, परंतु सारी नव्हेत.

म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात ठरवलेला प्रत्येक लेखकभेटीचा कार्यक्रम ज्या मुलांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्या गैरहजेरीतच पार पडण्याचा संभव असतो. कोणी त्यांना वगळा असे म्हटलेले नाही. केवळ तारीख ठरवली आणि ती वगळली गेली. विषमता पुष्कळदा अशीच काम करते. तिला दुष्ट माणूस लागत नाही, पाहुण्यांच्या सोयीची तारीख पुरते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या गावात लेखकाची भेट जुलै ते सप्टेंबर या काळातच ठेवावी. पाऊस असेल, चिखल असेल, पाहुण्यांना एखादा ओढा चालत ओलांडावा लागेल. ज्याला मुलांसाठी लिहावयाचे आहे तो ओलांडील. ताराबाईंनी शाळा कुरणावर नेली, आपल्याला निदान तारीख हलवता आली पाहिजे.

दुसरी सूचना तिला जोडूनच. टोळ्या निघण्याच्या आठवड्यात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गाठोड्यात चार-पाच पुस्तके द्यावीत. काही हरवतील, काही चुलीजवळ भिजतील, काही दुसऱ्या कोपीतले मूल घेऊन जाईल. ती हानी समितीने आधीच मान्य करून टाकावी. ज्या लेखकाला जुलैत पाहिले त्याचे पुस्तक जानेवारीत उसाच्या फडाकडेला वाचले गेले, तर आपल्या कार्यक्रमाचा खर्च वसूल झाला.

भेटीचा दिवस

प्रत्यक्ष दिवसाविषयी थोडक्यात सांगतो. व्यासपीठ नसावे, लेखकाने मुलांच्या बरोबरीने सतरंजीवर बसावे. एका वेळी तीस-चाळीसपेक्षा अधिक मुले नसावीत. पहिली-दुसरीची बैठक वेगळी घ्यावी, ती अर्ध्या तासाची असावी आणि तिच्यात गोष्ट व चित्र एवढेच असावे. मोठ्यांसाठी तासभर ठेवावा आणि त्यातील निम्मा वेळ मुलांच्या प्रश्नांना द्यावा. प्रश्न शिक्षकांनी लिहून देऊ नयेत. ‘तुम्हाला या पुस्तकाचे किती पैसे मिळाले?’ असे एखाद्याने विचारले तर त्याला दटावू नये. कष्टकऱ्याच्या मुलाने श्रमाचा मोबदला विचारावा, यात गैर काय आहे? लेखकाने खरे उत्तर द्यावे.

नंदुरबारच्या शाळेत मुले भिली-पावरी बोलतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया. तेथे पुस्तकी मराठीतील गोष्ट पहिलीच्या मुलाला परकी असते. अशा ठिकाणी वरच्या वर्गातील एखाद्या मुलाने ती आपल्या भाषेत सांगावी आणि लेखकाने शब्द विचारून फळ्यावर लिहून घ्यावेत. त्या अर्ध्या तासात लेखक विद्यार्थी होतो आणि मूल शिक्षक होते. त्यानंतर गावातील एखाद्या आजीला तिची गोष्ट सांगावयास बसवावे, म्हणजे गोष्ट केवळ शहरातून येते हा समजही दूर होईल.

दुपारी लेखकाने शालेय पोषण आहाराच्या पंगतीत मुलांसोबत खिचडी खावी. सहभोजनाची चळवळ ज्या महाराष्ट्रात झाली, तेथे पाहुण्याचे पान निराळ्या घरात मांडण्याचे कारण नाही. पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, हेही पाहुण्याच्या आणि आपल्या नजरेस पडेल.

मोबदल्याचेही बोललेच पाहिजे. आपण मजुरांच्या किमान वेतनासाठी मोर्चे काढतो आणि लेखकाला ‘सेवा म्हणून या’ असे सांगतो. हे विसंगत आहे. प्रवासखर्च आणि मानधन, ते लहान का असेना, आधी ठरवावे आणि त्याच दिवशी हाती द्यावे. निधी गोळा करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मात्र शाळेच्या आवारात पुस्तकविक्रीचे टेबल मांडू नये. काही खासगी शाळांत अशी प्रथा आहे. ज्याच्या आईने पैसे दिले ते मूल स्वाक्षरी घेते आणि बाकीची बघत उभी राहतात. आपल्या शाळेत स्वाक्षरी ग्रंथालयाच्या प्रतीवर घ्यावी, ती सर्वांची असते.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक पथ्य आहे. पक्षाचा फलक, पक्षाचा पुढारी, पक्षाची घोषणा यांपैकी काहीही शाळेच्या फाटकाच्या आत जाता कामा नये. मुलांच्या मनावर लहानपणीच आपला शिक्का मारण्याची घाई इतरांना असेल, आपल्याला नको. स्वतंत्रपणे वाचणारे मूल पुढे आपल्या विरोधात गेले तरी लोकशाहीचे त्यात हितच आहे.

लहान शाळेचे बळ

शेवटी पुन्हा मोठ्या प्रश्नाकडे. २०१७ साली राज्य शासनाने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय जाहीर केला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांचा प्रस्ताव पुढे आला. पट कमी म्हणजे शाळा निरुपयोगी, असा यामागील हिशोब आहे. आपण या धोरणाला निवेदनांनी आणि मोर्चांनी विरोध केला, तो करीतच राहू. पण वस्तीवरील बारा मुलांची शाळा काय करू शकते हे दाखवून देणे, हाही विरोधच आहे. बारा मुलांमध्ये बसलेला लेखक प्रत्येकाचे नाव घेऊन बोलू शकतो, प्रत्येकाची वही पाहू शकतो. आठशे मुलांच्या सभागृहात ते कोणत्याही पैशाने विकत घेता येत नाही. ज्या लहान पटाला शासन दोष मानते, तेच येथे शाळेचे बळ ठरते. असा एक दिवस पाहिलेले पालक शाळा बंद करण्याच्या आदेशावर निमूटपणे सही करणार नाहीत.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढील जूनमध्ये एकच शाळा निवडावी. जिचा पट कमी, जिथली मुले स्थलांतर करणारी, जिथे पाहुणे सहसा जात नाहीत, अशी. समितीची बैठक घ्यावी, कपाट उघडून पुस्तके मोजावीत, नोंदवहीत गेल्या वर्षी किती पुस्तके मुलांच्या हाती गेली ते पाहावे आणि मगच लेखकाला पत्र लिहावे. त्या पत्रात मुलांची संख्या, त्यांची बोली आणि त्यांनी वाचलेली पुस्तके कळवावीत. पुढच्या एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या की तीच नोंदवही पुन्हा उघडावी. कार्यक्रम कसा झाला याचा अहवाल मला नको, त्या नोंदवहीतील दोन आकडे तेवढे आपल्या पुढील बैठकीत मांडा.